खिळ्याच्या पुढे

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. अख्खं बंदर आमच्या बोटीला गोगलगाय म्हणतं. आम्ही धक्क्यावरून निघालो की शेजारच्या मालबोटीवरचे खलाशी हात हलवतात आणि विचारतात, "वहिनी, पोचल्यावर कळवाल ना?" मीही काही कमी नाही. मी सांगते, "तुम्ही बुडालात की तुम्हाला शोधायला आम्हीच येणार आहोत, आणि असेच हळूहळू येणार आहोत." मग गप्प बसतात मेले.

आमचं काम बुडीचं. माझा नवरा पाणबुड्या आहे. धक्क्याचे खांब तपासणं, बोटीच्या पंख्यात अडकलेला दोर कापणं, कुणाचा नांगर तळाशी राहिला तर शोधून देणं, असली कामं. पाठीवर हवेची टाकी बांधून जाणारे वेगळे. आमच्याकडं जुनी पद्धत. बोटीच्या पोटात इंजिन, इंजिनाला पट्ट्यानं जोडलेला कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरला लांबच लांब रबरी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला माझा नवरा. वर इंजिन स्लोवर चालत असतं, कॉम्प्रेसर हवा दाबत असतो आणि खाली तो श्वास घेत असतो. इंजिन बंद पडलंच तर डेकवरच्या टाकीत थोडी हवा शिल्लक असते, वर येण्यापुरती. थोडी म्हणजे थोडीच.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा हे सगळं बघितलं आणि माझे पाय जागच्या जागी थबकले. लोखंडाचं एक धूड, तेलानं माखलेलं, कुठंतरी कारखान्यात ओतलेलं. त्याला ना डोळे ना कान. आणि त्याच्या धडधडीवर पाण्याखाली एका माणसाची छाती वरखाली होतेय. लोक डोंगर बघायला जातात, धबधबे बघायला जातात. मला ते कधी लागलंच नाही. मी झाकण उघडून इंजिनाकडं बघत बसायची. अजूनही बसते, आणि अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

पण इंजिन सासूबाईंचं. बोट नवऱ्याची, नळी आणि दोरी माझ्या हातात, इंजिनाला हात लावायचा तर मात्र त्यांना विचारून. सासरे बुडी मारायचे तेव्हापासून त्या तिथंच बसतात, इंजिनाच्या पेटीशेजारी एका बुटक्या स्टुलावर. पेटीच्या झाकणावर पाण्यानं भरलेला एक ग्लास ठेवलेला असतो. सासरे किंवा पुढं माझा नवरा खाली गेला की सासूबाईंची नजर त्या ग्लासावर. पाण्यावर बारीक, सारखी वलयं उठत असली की इंजिनाची तब्येत बरी. पाणी हिंदकळलं की काहीतरी बिनसलं. त्या ग्लासातलं पाणी प्यायची कुणाची टाप नाही. नवीन असताना एकदा तहान लागली म्हणून मी तो उचलला, तर त्यांनी माझं मनगट असं धरलं की बोटं उमटली.

आणि दुसरा त्यांचा कायदा म्हणजे खिळा. इंजिनाला रेस द्यायचा जो दांडा आहे, त्याच्या वाटेत बरोब्बर मध्यावर सासूबाईंनी एक जाड खिळा ठोकलाय. दांडा त्याच्यापुढं जातच नाही. गोगलगाय झाली ती त्या खिळ्यामुळं. तो का ठोकला हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, नवऱ्यानं सांगितलं. पूर्वी एकदा सासरे बरेच खोल गेले होते. त्यांना हवा भरपूर मिळावी म्हणून सासूबाईंनी रेस वाढवली आणि कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. सासरे टाकीतल्या हवेवर वर आले, पण घाईत आले, आणि एका कानानं कायमचे बहिरे झाले. पुढं ते भरपूर जगले, त्या कानावरून विनोद करत जगले. "तुझं बोलणं ऐकायला एक कान पुष्कळ झाला," म्हणायचे. पण सासूबाईंनी त्याच दिवशी खिळा ठोकला तो ठोकला. पट्टा बदलून नवा, जाड आला, खिळा तसाच राहिला.

तर अशा ह्या लाडक्या इंजिनानं यंदा नखरे सुरू केले. जाता-येता ठीक चालायचं, पण काम सुरू झालं, स्लोवर आणलं, की अडखळायचं. धड-धड-धड असं चालण्याऐवजी धड-धड आणि मग पोकळी, जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं. ग्लासातलं पाणी काठावर यायचं. मागून पांढरा धूर. सासूबाई म्हणाल्या, "तुझा हात जड आहे. तू काल पुसताना काहीतरी हलवलंस." मी म्हटलं, "मी नुसतं झाकण पुसलं, आई. झाकणानं इंजिन चालत नाही." असं आमचं आठवडाभर चाललं.

मग एके सकाळी नवरा खांबाच्या बुडाशी असताना इंजिन दोनदा हबकलं आणि थांबलं.

एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. पाणी बोटीच्या कडेला चुबुकचुबुक करत होतं तेवढंच. सासूबाई ओरडल्या नाहीत, "ओढ" एवढंच म्हणाल्या. मी दोरीला वर येण्याची खूण दिली आणि ओढायला लागले. माझा जीव माझ्या हातात नव्हता, त्या दोरीत होता. तो वर आला. मुखवटा काढला आणि चक्क हसला. "टाकीत होती की हवा," म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाही. शेवटचं तेवढं सांगते. "इंजिन नीट होईपर्यंत तुम्ही आंघोळीला बसलात तरी डोकं पाण्याखाली घालायचं नाही."

ग्लास आडवा झाला होता, पाणी पेटीवरून ओघळत होतं. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाई जेवायला बसल्या, ताट तसंच ठेवलं आणि म्हणाल्या, "आता ह्याला खाली पाठवायचं नाही. बोट विकून टाका."

नवऱ्यानं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, मला दुसरं काही येत नाही गं."

खरं होतं ते. जमिनीवर माझा नवरा सतरा ठिकाणी धडपडतो, पायरीवर अडखळतो, दुकानात गेला तर भलतंच घेऊन येतो. पाण्याखाली तो दुसराच माणूस असतो. अंधारात नुसत्या बोटांनी खांबाची भेग वाचतो. त्याच्याकडून ते काढून घेतलं असतं तर त्याचं काय उरलं असतं, ह्या विचारानं मला रात्रभर डोळा लागला नाही. आणि इंजिन तसंच ठेवून त्याला खाली सोडणंही माझ्याच्यानं होणार नव्हतं. म्हणजे सगळं त्या अडखळणाऱ्या धडधडीपाशी येऊन थांबलं होतं. ती बरी झाली पाहिजे, आणि नुसती बरी नाही, सासूबाईंना पटेल अशी बरी झाली पाहिजे.

मी कंबर कसली. डिझेलचा फिल्टर बदलला. नळ्यांमधून हवा शिरत असेल म्हणून एकूण एक जोड आवळला, हवा काढली. टाकीच्या तळातलं डिझेल काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरलं, पाणी साचलंय का बघायला. डिझेल कसं, स्वच्छ. इंजिन लावलं, स्लोवर आणलं, की परत तेच. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी माझी गत झाली.

शेवटी भोंग्याला बोलावलं. भोंगा म्हणजे बंदरातला इंजिनाचा मिस्त्री. आयुष्यभर चालू इंजिनांच्या वरताण बोलून बोलून त्याचा आवाज असा झालाय की तो कानात काही सांगायला लागला तरी पलीकडच्या धक्क्यावर कळतं. तो आला, पेटीपाशी उकिडवा बसला आणि त्यानं इंजिन स्लोवर ठेवायला सांगितलं.

"मिसिंग मारतंय," तो म्हणाला. "तीन सिलिंडर आहेत. तिघांतला एक कामचोर आहे. आता एकेकाचं खाणं बंद करतो. ज्याचं खाणं तोडलं तरी घरात काही फरक पडत नाही, तो आपला चोर."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो लगेच पाना शोधायला लागला.

भोंग्यानं पहिल्या सिलिंडरला डिझेल नेणाऱ्या नळीचा नट सैल केला. डिझेल बाहेर झिरपलं आणि इंजिन एकदम लंगडं झालं. नट आवळला, इंजिन सावरलं. दुसऱ्याचा सैल केला. पुन्हा लंगडं. तिसऱ्याचा सैल केला आणि आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. काहीच झालं नाही. जसं अडखळत होतं तसंच अडखळत राहिलं. त्याला खायला मिळालं काय नि न मिळालं काय, तो बसूनच होता.

"सापडला," भोंगा म्हणाला. सासूबाई स्टुलावरून पुढं वाकल्या. इतकी वर्षं त्या इंजिनापाशी बसल्या, पण त्याच्या तीन आवाजांतला एक गप्प आहे हे असं सुटं करून त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवळात पहिल्यांदा आलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता त्यांचा, आणि मला वाटतं माझाही.

भोंग्यानं तिसऱ्याचा नोझल काढला. डिझेलचा फवारा मारतो तो हा तुकडा, माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा. टोकाला काजळीचं टेंगूळ. त्यानं तो आपल्या दुकानात नेला, आम्ही तिघं त्याच्या मागं. हातानं दाबायच्या पंपाला नोझल लावला आणि दांडा दाबला. टोकातून थेंब गळले, गळक्या नळाचे गळावेत तसे. मग त्यानं तो उघडला, धुतला, घासला, उजेडाकडं धरला आणि मला म्हणाला, "बघा वहिनी." टोकाला छिद्रं होती. केस जाईल की नाही अशी. पुन्हा पंपाला लावला. "हाताचं बोट पुढं आणू नका कुणी, फवारा कातडीत घुसेल." आणि दांडा दाबला.

धुकं आलं. थेंब नाही, धार नाही, धुकं. एक बारीक किर्र आवाज झाला आणि डिझेल हवेत विरून गेलं.

"ह्यात ठिणगी नसते, काडी नसते," भोंगा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा खाली आला. "वर नुसती हवा दाबायची. इतकी दाबायची की ती आपोआप तापते, पेटवण्याइतकी तापते. त्यात हे धुकं सोडायचं. बस. सगळं इंजिन एवढंच आहे."

मी आणि सासूबाई एकमेकींकडं बघत राहिलो. हवा दाबायची. इंजिनही हवा दाबूनच जगतं आणि आमचा माणूस दाबलेल्या हवेवर. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, शाळेत सांगितलं असेल तर मी झोपले असेन. माझ्या तोंडून "बाई गं" एवढंच निघालं.

मग भोंग्यानं कडू गोळी दिली. "हा साफ झाला, पण बाकीचे दोनही त्याच वाटेवर आहेत. आत सगळीकडं काजळी धरलीय. मावशी, हे इंजिन ओझी ओढायला केलंय. तुम्ही त्याला वर्षानुवर्षं स्लोवर ठेवलंत. ते नीट तापतच नाही. न तापलं की डिझेल अर्धवट जळतं, त्याची काजळी होते. पूर्वी तुमची कामं लांबची होती, जाता-येता त्याला जरा तरी घाम फुटायचा. आता धक्क्यातल्या धक्क्यात. जपून जपून मारलंत तुम्ही ह्याला. बाहेर न्या आणि फुल्ल रेसवर पळवा, चांगलं तासभर. आणि इथून पुढं रोज काम संपलं की थोडं पळवायचं."

"आणि पट्टा?" सासूबाईंनी विचारलं.

"पळवताना पट्टा काढून ठेवा. खाली कोण आहे तेव्हा?"

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई फणकारल्या आणि दुकानातून चालत्या झाल्या. भोंगा माझ्याकडं बघून खांदे उडवत म्हणाला, "मी काय चुकीचं बोललो?" ते अख्ख्या बंदरानं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटीवर गेले तर सासूबाई आधीच स्टुलावर. नोझल बसवून झाला होता. त्या खिळ्याकडं बघत बसल्या होत्या. मी भांडायच्या तयारीनं आले होते, शब्द पाठ करून आले होते. पण त्यांना तसं बसलेलं बघितलं आणि माझी जीभ मऊ पडली. मी शेजारी फळीवर बसले.

"आई," मी म्हटलं, "तेव्हा बाबा खाली होते. आज खाली कुणी नाही. ते बघा, तुमचा लेक धक्क्यावर उभा आहे, दोर सोडताना स्वतःच त्यात अडकलाय."

त्यांनी वळून बघितलं. खरंच अडकला होता.

"जपलं म्हणून मेलं म्हणतो तो भोंगा," त्या म्हणाल्या.

"मेलं कुठं? जपलंत म्हणून तर इतकी वर्षं चाललं. आता जरा दमवू या."

त्यांनी खिळ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "पक्कड दे."

खिळा गंजून लाकडात रुतला होता. मी पुढं झाले तर त्यांनी मला कोपरानं बाजूला केलं. दोन्ही हातांनी पक्कड धरून त्यांनी तो हलवला, पिळला आणि कुरकुरत बाहेर काढला. समुद्रात फेकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो पुसला आणि कनवटीला खोचला.

पट्टा उतरवला. बंदराच्या तोंडापर्यंत आम्ही नेहमीसारखे सरपटत गेलो. मोकळं पाणी लागलं तशा सासूबाई म्हणाल्या, "इकडं ये रे." नवरा आला. त्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, लहान पोराला गर्दीत धरतात तसं, आणि उजव्या हातानं दांडा पुढं ढकलला. जिथं खिळा होता तिथं हात क्षणभर थांबला. मग गेला पुढं.

आधी इंजिन खोकलं. मागं काळाकुट्ट धूर, एवढा की बंदर दिसेना. बोट थरथरायला लागली, भांडी पडली. मला वाटलं, संपलं. सासूबाईंनी डोळे मिटले, पण दांडा सोडला नाही. मग तो थरथराट एकेक करून गळून पडायला लागला. तिसरा आवाज आला. मी शपथेवर सांगते, मला तो वेगळा ऐकू आला, आणि मग तिन्ही आवाजांचा एकच आवाज झाला. नाक खाली घालून चालणारी आमची गोगलगाय, तिनं नाक वर केलं. दोन्ही बाजूंनी पाणी फाटून पांढरं होत गेलं. वारा तोंडावर असा आला की मला श्वास घेता येईना. इतकी वर्षं ही ताकद आमच्या पायाखाली होती, तिच्या झाकणावर आम्ही पाण्याचा ग्लास ठेवत होतो, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

सासूबाईंनी डोळे उघडले. धूर विरळ झाला, राखाडी झाला, मग नाहीसाच झाला. त्या हसत होत्या. त्यांचे केस सुटले होते. "ह्यांना आवडलं असतं," त्या म्हणाल्या. परत येताना मालबोटीवरचे खलाशी कठड्याला येऊन उभे राहिले. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही, आणि मीही मोठ्या मनानं काही बोलले नाही.

दुपारी खांबापाशी नांगर टाकला, पट्टा चढवला. इंजिन स्लोवर आणलं. सासूबाईंनी ग्लास भरून झाकणावर ठेवला आणि आम्ही तिघं त्यावर वाकलो. पाण्यावर वलयं होती, पण बघायला मान तिरकी करावी लागत होती इतकी बारीक. एकामागून एक, सारखी, न चुकता. आम्ही किती वेळ बघत होतो कोण जाणे. सासूबाई शेवटी लेकाला म्हणाल्या, "जा."

तो गेला. मी नळी सोडत गेले, दोरी हातात घेतली. ठरलेल्या रीतीनं एक हिसका दिला, म्हणजे "बरं आहे ना?" खालून एक हिसका आला, म्हणजे "बरं आहे."

सासूबाई स्टुलावर, नजर ग्लासावर. इंजिन चालत राहिलं. अडखळ नाही, पोकळी नाही. थोड्या वेळानं मी मागं बघितलं तर त्यांनी ग्लास उचलला होता. मला वाटलं, पाणी बदलतायत. त्यांनी तो तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला.

"तहान लागली होती," त्या म्हणाल्या. मग उठल्या, कंबर सरळ केली आणि कठड्यापाशी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. खाली बघितलं.

पाण्यातून बुडबुडे वर येत होते. एक झुबका यायचा, फुटायचा, मग थोडी उसंत, मग दुसरा.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि माझ्या हातातली दोरी गरम झाल्यासारखी वाटली. सासरे खाली असोत की लेक, ह्या बाईनं आयुष्यात कधी पाण्याकडं बघितलंच नव्हतं. दोरी त्यांच्या दिराच्या हातात असायची, पुढं माझ्या हातात आली. त्यांनी फक्त ग्लास बघितला.

"श्वास आहे, आई. त्यांनी सोडलेला. तुम्ही इंजिनातून खाली पाठवता, तो असा वर येतो."

त्या वाकल्या. बुडबुडे आले, फुटले. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. त्या त्याच्याबरोबर श्वास घेत होत्या, तो सोडेल तेव्हा सोडत होत्या.

"ह्यांचापण असाच येत असेल वर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं. माझ्या पाठीमागंच."

मी त्यांच्या हातात दोरी दिली. एक हिसका द्यायचा एवढं सांगितलं. त्यांनी दिला, हळूच, झोपलेल्याला उठवू नये इतका हळूच. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून एक हिसका आला, आणि त्यांनी दोरी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

इंजिनापाशी कुणीतरी बसायला हवं होतं. मी जाऊन स्टुलावर बसले. ग्लास रिकामाच होता, मी तो तसाच राहू दिला.